वकील कुठं गावला, बाई?

बीदरच्या दवाखान्यात व्यायामाच्या खोलीत दोन लांब दांड्या आहेत. त्या धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं असतं. मागच्या महिन्यात मी एका टोकाला होते आणि दुसऱ्या टोकाला कोहिनूर गावची एक बाई होती. कुठल्याशा कचेरीत कारकून, वय माझ्यापेक्षा बरंच कमी, डावी बाजू गेलेली. लोक सहसा विचारतात, डॉक्टर कोण, औषध कुठलं, देवाचं काही केलं का. हिनं विचारलं, "तुमाला वकील कुठं गावला, बाई?" तिला कचेरीतून पत्र आलं होतं. तेवढ्यात माझी रिक्षा आली. घाईघाईत मी एवढंच म्हणाले, "तळमजल्यावरचा बघा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. या बाईचं पायाबरोबर डोकंही गेलंय असं तिला वाटलं असणार. म्हणून हे सगळं नीट लिहायला बसले आहे.

चप्पल

मी बीदर जिल्ह्यातल्या खटकचिंचोळीची सून. माहेर उदगीरकडचं. जवळच्याच गावात एका अनुदानित मराठी शाळेत मी बारा वर्षं चौथीला शिकवत होते. आमच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. मी कन्नड बोलते, कन्नडमध्ये भाजी घेते, भांडण आलं तर भांडतेसुद्धा. पण वाचायला कधी शिकले नाही. माझं शिक्षण महाराष्ट्रातलं. शाळेत कन्नड पत्र आलं की हेडमास्तर वाचून सांगत आणि मी सही करत असे. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुखण्याची सुरुवात फार साधी झाली. फळ्यावर भागाकार लिहीत होते. पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "बाई, तुमची चप्पल निघाली." खाली बघितलं तर चप्पल हातभर मागं पडलेली, आणि माझ्या पायाला त्याचा पत्ताच नाही. मी हसले, चप्पल घातली, भागाकार पुरा केला. संध्याकाळी पायऱ्या चढवेनात. दुसऱ्या दिवशी उठून उभंच राहता येईना.

लातूरला नेलं. आम्हा सीमेवरच्या लोकांचं एक आहे, राहतो इकडं आणि भरवसा तिकडचा. डॉक्टर लातूरचा, लग्नाचं कापड उदगीरचं, सोयरीक सोलापूरकडची. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सूज आलीय. मी विचारलं, चालेन कधी? त्यांनी चष्मा काढून पुसला. मग यांनी विचारलं, "शाळंला कवा जाईल?"

डॉक्टर म्हणाले, "आधी बसू तर द्या."

'यांनी' म्हणजे माझ्या नवऱ्यानं. आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. शिकलेली असो, नोकरीवाली असो, नाही म्हणजे नाही. फॉर्मवर मी ते हजारदा लिहिलंय. तोंडानं मात्र दोनदाच घेतलं होतं, लग्नात आणि वास्तुशांतीला, तेही उखाण्यात. म्हणून इथंही 'हे' असंच लिहिते.

खाट

सात आठवडे त्या दवाखान्यात काढले. पहाटे ताप बघायचे. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा. लघवीची पिशवी खाटेला टांगलेली. बायांच्या भेटीच्या वेळी मी ती चादरीखाली ढकलायची आणि नर्स येऊन ओरडायची की पिशवी दिसली पाहिजे. आपलं सगळंच दिसलं पाहिजे हा दवाखान्याचा पहिला नियम.

माझ्याजवळ राहिली ती महादेवी, माझी धाकटी जाऊ. दीर पुण्याला कंपनीत होते, आठ बाय दहाच्या खोलीत चौघांबरोबर राहायचे, म्हणून ही आमच्याकडंच. मास्तरकीचा कोर्स केलेली, पण नोकरी नाही. तिनं माझं हगणं-मुतणं काढलं. लाज वाटून मी रडायला लागले की म्हणायची, "अक्का, रडू नकोस की. तू लेकरं धुतलीस, मी तुला धुतो. फिटलं." रोज संध्याकाळी ती माझे केस विंचरायची. जिथं काही कळत नव्हतं असं अर्धं अंग घेऊन पडलेल्या बाईला डोक्यावरून फिरणारी फणी काय असते, ते पडल्याशिवाय कळत नाही. तिचे ते उपकार मी विसरले नाही, विसरणारही नाही. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या.

तिसऱ्या आठवड्यात हे एक कागद घेऊन आले. कन्नडमध्ये लिहिलेला.

"रजेचा अर्ज हाय. सही कर."

"वाचून तरी दाखवा."

"काय वाचायचंय त्यात? आजारी हाय, रजा द्या. करतीस का न्हाई? गाडी जाईल माझी."

मी पडल्या पडल्या, एक्स-रेच्या पाकिटावर कागद ठेवून सही केली. तिरकी झाली. मी म्हटलं, दुसरा कागद आणा, ही पोरासोरासारखी आलीय. हे म्हणाले, चालतंय.

बदली बाई

घरी आले तेव्हा मला बसता येत होतं. पुढं भिंत धरून उभी राहिले, मग कुबड्या. आठ महिन्यांत अंगणातून रस्त्यापर्यंत जाऊ लागले. औषधं हे स्वतः द्यायचे. खोक्यावर जाड पेनानं कन्नडमध्ये लिहून ठेवायचे, सकाळ, रात्री. मी ती अक्षरं वाचत नव्हते, पण ओळखत होते. रोज दोनदा बघून पाठ झाली होती.

तोवर महादेवी माझ्या वर्गावर जाऊ लागली होती. "तू बरी होईस्तोर बदली," असं मला सांगितलं. मला आनंदच झाला. वर्ग घरातच राहिला म्हणून मी तिला माझ्या टाचणाच्या वह्या दिल्या, कुठल्या पोराला ऐकू कमी येतं, कुणाला पुढं बसवायचं, सगळं सांगितलं. रोज सकाळी ती डबा घेऊन निघायची आणि मी ओट्यावर बसून तिला जाताना बघायची. घर रिकामं व्हायचं. दुपारी पंख्याकडं बघत मी चौथीचे धडे मोठ्यानं म्हणायची. आवाज जाऊ नये म्हणून. तुम्ही हसाल, पण बायांनो, घरात पडून राहिलेल्या माणसाचा पहिल्यांदा आवाज जातो.

एक दिवस रिक्षा करून मी शाळेत गेले. म्हटलं, आता रुजू होते. हेडमास्तरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, पोराबाळांची चौकशी केली. माझ्याकडं बघेनात.

"सर, कधीपासून येऊ?"

"बाई," ते म्हणाले, "तुमी राजीनामा दिलेला हाय की. मंजूर होऊन बी सहा महिने झाले. तुमच्या जागी महादेवीबाईची ऑर्डर निघाली."

शेजारच्या खोलीतून महादेवीचा आवाज येत होता. भागाकार शिकवत होती.

मी कागदाची झेरॉक्स मागितली. का कोण जाणे, त्यांनी दिली. घरी जाताना रिक्षात ती उलटसुलट करून बघितली. खाली माझी तिरकी सही. त्या दिवशी घरात कुणाला काही विचारलं नाही. मला वाटलं, शाळेच्या क्लार्कनं फसवलं, यांनाही फसवलं. असंच मानायचं होतं मला.

तीन वकील

आता कोहिनूरच्या बाईच्या प्रश्नाकडं येते.

पहिला वकील उदगीरचा. मी तीच चूक केली जी आमच्याकडचं प्रत्येकजण करतं, माहेरच्या माणसाकडं पळाले. मामाच्या ओळखीतले, पिकल्या केसांचे, फार सज्जन. दोन तास ऐकून घेतलं, जेवायला घातलं. मग कागद हातात घेऊन म्हणाले, "ताई, ही जिलेबी मला वाचता येत नाही." बघतो, बघतो करत सहा महिने गेले, आणि शेवटी त्यांनीच सांगितलं, "तुमची शाळा कर्नाटकात, तुमचं सरकार वेगळं, कोर्ट वेगळं. तुम्ही पहिल्याच दिवशी बीदरला जायला हवं होतं." केस घालायची माझी मुदत त्या सहा महिन्यांत गेली. दुखणं लातूरला बरं होत असेल, बायांनो, हक्क मात्र आपल्याच जिल्ह्यात मागावा लागतो.

दुसरा आमच्याच जिल्ह्यातल्या भालकीचा. ऑफिस वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, कठडा नाही. मी खाली रिक्षात, आणि रिक्षावाल्यामार्फत निरोपांची ये-जा. चौथ्या खेपेला निरोप आला, "घरातला बाप्या माणूस पाठवा." अपंगाच्या हक्काचं भांडण, आणि ते ऐकायला जिना चढायचा. मी खालून ओरडून विचारलं, "तुम्हाला पाय आहेत ना? मग तुम्हीच या की!" खिडकी लागली. सगळा बाजार माझ्याकडं बघत होता. परत येताना रिक्षात मी इतकी रडले की रिक्षावाल्यानं गाडी बाजूला घेतली आणि एक रसाचा ग्लास आणून दिला.

तिसरे हबीबसाब, बीदरचे. यांचं ऑफिस तळमजल्यावर होतं, एवढ्याच कारणासाठी मी तिथं थांबले. दुसरं काही माहीत नव्हतं. तरी दाराला दोन पायऱ्या होत्याच. ते चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले, माझ्या कुबड्या बघितल्या, आणि सरळ रिक्षात माझ्यासमोर येऊन बसले.

"बोलो बाईसाब."

मी बोलले. त्यांनी कागद घेतला आणि एकेक ओळ कन्नडमधून वाचून आपल्या दखनी मराठीत सांगू लागले. मी, अमुक अमुक, माझ्या प्रकृतीमुळं आणि स्वखुशीनं राजीनामा देत आहे. माझ्या जागी माझ्या घरातल्या शिकलेल्या बाईचा विचार व्हावा ही विनंती.

"ये सही लेटके करे क्या तुमे?" त्यांनी विचारलं. सहीच्या तिरकेपणावरून ओळखलं. "और लिखा कौन?"

"क्लार्कनं असेल," मी म्हटलं.

त्यांचं बोट 'राजीनामा' या शब्दावर होतं. त्यातलं पहिलं अक्षर, त्याची वर वळवलेली शेपटी. बारा वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्या आहेत. हस्ताक्षर मला माणसाच्या तोंडासारखं ओळखू येतं. पिशवीतून औषधाचं खोकं काढलं आणि कागदाशेजारी धरलं. 'रात्री' मधला रा आणि 'राजीनामा' मधला रा, कन्नडमध्येही दोन्ही शब्द रा नंच सुरू होतात. तीच शेपटी.

हबीबसाबांनी दोन्ही अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मियाँ?" नवऱ्यानं का, असं विचारत होते.

मी होकाराची मान हलवली. ज्या हातानं वर्षभर न चुकता गोळी दिली, तोच हात. त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी कशा ठेवायच्या ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही नीट कळत नाही.

"मैं बांधाच्या, जमिनीच्या केसी करतो," ते म्हणाले. "अपंगाचा कायदा मैं पढ्या न्हाई. झूट नक्को बोलायला. दहा दिवस द्या, पढतो." असं सांगणारा वकील मिळाला तर त्याला सोडू नका. दहा दिवसांनी गुलबर्ग्याच्या एका मित्राकडून पुस्तक आणून त्यांनी मला वाचून दाखवलं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर तेवढ्यावरून माणसाला काढता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर जमेल ते दुसरं द्यायचं, पगार कमी न करता. मी त्यांना ते तीनदा वाचायला लावलं. मी लातूरच्या खाटेवर पडले होते तेव्हाही हे लिहिलेलं होतं. कुणी सांगितलं नाही, एवढंच.

लातूरचे कागद चालले नाहीत. अपंगाचा दाखला बीदरच्या सरकारी दवाखान्यातून घ्यावा लागला. चार डॉक्टर टेबलामागं बसलेले, चालून दाखवा म्हणाले. जन्मभर मी पोरांना टक्के दिले, त्या दिवशी मला मिळाले, अपंगत्वाचे.

घरातलं घरात

घरी विचारलं. यांनी नाकारलं नाही.

"व्हय, मी लिवलो. संस्थेवाले म्हणाले, जागा जाईल, राजीनामा आणा, तुमच्याच घरात ठेवतो. तू तवा बसत बी नव्हतीस. मी काय करायचं होतं?"

"मला विचारायचं होतं."

"इचारलो असतो तर तू दिली असतीस का?"

"नसती दिली."

"मंग?" आणि मग थोड्या वेळानं, "जागा घरातच हाय की. वकील कामून करायलीस? लोक काय म्हणतील, बायकू नवऱ्याला कोर्टात ओढायली."

मी शाळेला नोटीस पाठवली त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्याशी कुणी बोललं नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट माझ्यासमोर ठेवलं जायचं. गोळ्या खोक्यात वेळेवर यायच्या. महादेवीनं फणी हातात घेणं सोडलं. एकदाच ती माझ्या खाटेशी येऊन उभी राहिली.

"अक्का, मी मागितले न्हवते ती जागा. पण आता मला बी पोरायची सवय लागलीया. तू जिंकलीस तर मी कुठं जाऊ?"

मी म्हटलं, "मला तरी कुठं जायला आहे, महादेवी?" ती निघून गेली. मी माझे केस माझ्या हातानं कापले, खांद्यापर्यंत. निगा राखणं सोपं जातं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं.

याच दिवसांत मी धाकट्या लेकीचं पहिलीचं कन्नड पुस्तक घेतलं आणि अक्षरं गिरवायला सुरुवात केली. दुपारी करायला दुसरं काय होतं?

नाव

उशीर झाला म्हणून आधी तो माफ करून घ्यावा लागला, मग केस उभी राहिली. तारखा पडत गेल्या. एक बस बदलून, कुबड्या कंडक्टरच्या हातात देऊन, मी एकटी बीदरला जायची. जबाबाच्या दिवशी कोर्टात बघितलं तर शाळेच्या बाजूच्या बाकावर हे बसलेले. संस्थेनं त्यांना साक्षीदार म्हणून आणलं होतं. बायकोनं राजीनामा समजून उमजून दिला, असं ते सांगणार होते. सकाळी घरातून निघताना मला काही बोलले नव्हते. आम्ही एकाच गावाहून दोन बसनं आलो होतो.

हबीबसाबांनी माझ्यासाठी खुर्ची मागून घेतली. मग शाळेचे वकील उठले. कागद माझ्यापुढं धरला.

"सही तुमची?"

"माझी."

"मजकूर कुणाच्या हातचा?"

"घरच्यांच्या."

"घरच्यांच्या म्हणजे? घरात दहा माणसं असतात. नाव सांगा."

"घरच्यांच्याच," मी पुन्हा म्हटलं. ते हसले. "बघा साहेब, नाव घेता येत नाही, कारण असं कुणी नाहीच. बाईंनी स्वतःच लिहून घेतलंय."

न्यायाधीश कन्नडमध्ये म्हणाले, "अम्मा, हेसरू हेळी." नाव सांगा. आवाज मऊ होता. माझ्या तोंडाशी उखाणा आला होता, खरंच सांगते, वास्तुशांतीचा तोच उखाणा. उखाण्याशिवाय ते नाव कसं सुरू करायचं हेच मला ठाऊक नव्हतं. मग मी डोळे मिटले आणि वर्गात हजेरी घेते तसं, स्वच्छ, मोठ्यानं म्हटलं.

"बसवराज."

आणि हे उभे राहिले.

नाव पुकारलं की पोरगं उभं राहतं, तसे. शिपाई म्हणाला, बसा, तुमची पाळी नाही अजून. हे बसले नाहीत. शाळेचे वकील कोट ओढत होते, तरी बसले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "मीच लिवलो. तिला वाचून दावलो न्हाई. रजेचा अर्ज हाय म्हणालो." मग न्यायाधीशांकडं वळून तेच कन्नडमध्ये पुन्हा सांगितलं. बाकी कोर्ट आपापल्या फायली बघत होतं.

त्या दिवशी आम्ही एका बसनं घरी आलो. माझ्या कुबड्या यांनी मांडीवर धरल्या होत्या.

आता

निकाल माझ्या बाजूनं लागला. नोकरी परत मिळाली, तळमजल्यावरचा वर्ग मिळाला. महादेवी पुण्याला गेली, दिरांच्या त्या खोलीत. जाताना माझ्या पाया पडली, पण तोंडाकडं बघितलं नाही. तिचं पत्र नाही, फोन नाही. टाचणाच्या वह्या ती ठेवून गेली. त्यात प्रत्येक पोराच्या नावापुढं तिनं माझ्यापेक्षा नीट लिहून ठेवलंय. मी माझा हक्क घेतला हे खरं आहे आणि तो तिच्या हातातून घेतला हेही खरं आहे. कोहिनूरच्या बाई, कायदा जिंकवतो. त्यानंतर घर किती रिकामं वाटेल ते कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून मी सांगून ठेवते. तरीही जा. तळमजला शोधा. जो म्हणेल मला माहीत नाही, वाचून सांगतो, त्याच्याकडं जा.

हे मला रोज मोटारसायकलवर शाळेपर्यंत सोडतात. औषधाच्या खोक्यांवर अजून हेच लिहितात, तीच वर वळवलेली शेपटी. मी आता कन्नड वाचते. हे समोर पाण्याचा तांब्या घेऊन उभे असतात. मी खोकं हातात घेते, अक्षर न् अक्षर वाचते, आणि मगच गोळी तोंडात टाकते. माझं वाचून होईपर्यंत हे थांबतात.